शिरोरेषेचा दोर : बडोद्यातल्या एका संक्रांत-कार्डाचं प्रकरण

दांडिया बाजारात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू नोव्हेंबरच्या शेवटी माझ्याकडे आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "नव्वद कार्डं हवीत. तुझ्या हातची. ठशांची."

मी ठसे मारून हातानं कार्डं करते, हे त्यांना माहीत. निमित्त होतं त्यांच्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीचं. काळी साडी घेऊन झाली होती, हलव्याच्या दागिन्यांची मागणी पुण्याला गेली होती. सून इथलीच, बडोद्याची, गुजराती. म्हणजे निम्मी कार्डं टपालानं पुणे, इंदूर आणि ग्वाल्हेरच्या नातेवाइकांना जाणार आणि उरलेली सुनेच्या माहेरी हातोहात वाटली जाणार. मी म्हटलं, दोन नमुने करू. काकूंनी हात झटकला. "नको गं बाई. कुणाला कुठलं गेलं यावरून बोलणी होतील. एकच कर, पण दोघांना आपलं वाटलं पाहिजे."

बाकीच्या अटी साध्या होत्या. कार्ड काळं हवं, कारण संक्रांतीला काळं चालतं, एवढंच नव्हे तर शोभतं. एका कार्डाला लिफाफ्यासकट ४० रुपयांच्या वर खर्च नको. आणि सगळी ५ जानेवारीला हातात, म्हणजे १४ तारखेच्या आत टपाल पोचेल.

आणखी एक अट त्यांनी जाता जाता घातली, ती मला फार आवडली. कार्डावर 'संक्रांत' हा शब्द नको. "नव्या सुनेच्या कार्डावर 'संक्रांत आली' असं कोण लिहितं?" त्यांनी हे हसत म्हटलं खरं, पण मनापासून. आपल्याकडे सणाचं नाव आणि अरिष्टाचं नाव एकच आहे, हे कार्ड करणाऱ्याला सहसा आठवत नाही. मला तर ही अट सोयीचीच होती. 'क्रां' हे अक्षर लहान आकारात रबरावर कोरणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. शब्द ठरला 'तिळगूळ'.

पहिला नमुना

पहिला नमुना मी दोन संध्याकाळी खपून केला आणि तो वाईट होता. त्यात वेगवेगळ्या रंगांचे तीन पतंग होते, एक फिरकी, तिळाच्या वड्यांची ताटली, कडेनं फुलाफुलांची किनार, मध्यावर 'तिळगूळ घ्या, गोड बोला' आणि त्याखाली गुजरातीत 'उत्तरायणनी शुभेच्छा', कारण संक्रांतीला तिकडे उत्तरायण म्हणतात. हे सगळं एका लाल कागदावर ठसवलेलं, आणि तो लाल कागद फोमच्या टेपनं काळ्या कार्डावर उचलून बसवलेला. ठशांचं सामान हाताशी असलं की असंच होतं. डब्यातला प्रत्येक ठसा म्हणतो, मलाही घे.

काकूंनी कार्ड हातात धरलं, चष्मा वर केला, खाली केला. "छान आहे गं. पण बघायचं कुठे?"

त्यांना डिझाइनमधलं काही कळत नाही असं त्या म्हणतात, पण नेमका दोष त्यांनी एका वाक्यात पकडला होता. सगळ्या आकृत्या जवळपास एकाच मापाच्या होत्या, तीन-साडेतीन सेंटिमीटरच्या. सगळ्यांवर सारखा दाब, सारखा उठाव. आणि किनार तर डोळ्याला आत येऊच देत नव्हती, गोल गोल फिरवत ठेवत होती.

दुसरा दोष वजनाच्या काट्यानं दाखवला. कार्ड ए-फाइव्ह कागद मधोमध दुमडून केलेलं, म्हणजे बंद असताना १०५ बाय १४८ मिलिमीटर. ३०० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणाऱ्या, कार्डशीटचा तेवढा तुकडा ९.३ ग्रॅम भरतो. जाड लिफाफा साधारण साडेपाच. आत लिहायला पांढरं पान लागणारच, काळ्यावर बॉलपेन काय दिसणार? ते अडीच. वर तो लाल थर जवळजवळ चार ग्रॅम, आणि टेप, कापलेले पतंग वगैरे धरून काटा २३ वर गेला. साध्या टपालाचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असतो. म्हणजे शोभेच्या त्या थरापायी प्रत्येक कार्डाला जास्तीचं तिकीट, वर फोमचा उंचवटा टपालातल्या शिक्क्याखाली दबणार तो वेगळाच. थर काढून टाकला तर सगळं मिळून १७ ग्रॅमच्या आसपास. मग ठरलं, कार्ड सपाट. जे काही उठून दिसायचं ते ठशातून आणि जागेतून.

काळा कागद

काळ्या कागदाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण मी यात पैसे घालवले आहेत. काळी कार्डशीट दोन जातीची मिळते. एकीत लगदाच काळा रंगवलेला असतो. दुसरी पांढऱ्या कार्डावर काळा थर दिलेली असते. ही दुसरी स्वस्त आणि दिसायला जास्त चकचकीत, पण दुमडली की घडीवर पांढरी रेघ फुटते. दुकानात तपासायचं असेल तर शीटचा कोपरा चिमटीभर फाडायची परवानगी मागावी. फाटलेली कड काळी असेल तरच घ्यावी. आणि घडी नेहमी कागदाच्या ग्रेनच्या, म्हणजे आतल्या तंतूंच्या, दिशेनं, आधी बोथट सळीनं रेघ ओढून. आडव्या ग्रेनवर घातलेली घडी चांगल्या कागदालाही भेगाळते.

शाईचं तर सगळं गणितच उलटं होतं. पांढऱ्या कागदावर उत्तम चालणारी डाय इंक, म्हणजे कागदात मुरणारी पातळ शाई, काळ्यावर दिसतच नाही. पांढरी पिगमेंट इंक, म्हणजे कागदावर थर धरणारी दाट शाई, दिसते, पण एका हातात राखाडी वाटते, धुऊन धुऊन विटलेल्या बनियनसारखी. शुभ्र आणि उठावदार पांढरा हवा असेल तर एम्बॉसिंग: पारदर्शक चिकट शाईनं ठसा मारायचा, ओला असतानाच वर पांढरी एम्बॉसिंग पावडर टाकायची, जादाची झटकायची आणि हीट गननं, म्हणजे गरम हवा फेकणाऱ्या यंत्रानं, तापवायची. पावडर वितळून एकजीव होते आणि अक्षर बोटाला लागेल इतकं वर येतं. पावडर बारीक दाण्याची घ्यावी. जाड दाण्यानं 'ळ'ची दोन्ही भोकं बुजतात. आणि कागदावर नको तिथे चिकटणारे कण? त्यासाठी बाजारात खास पिशव्या मिळतात, पण मलमलच्या फडक्यात टाल्कम पावडरची पुरचुंडी बांधून आधी कार्डावर हलकीशी फिरवली की तेवढंच काम होतं.

पेठापूरहून लाकडी ठसा करवून घ्यावा, असा मोह मला झाला होता. गांधीनगरजवळच्या या गावात कापडावरच्या छपाईसाठी सागवानी ठसे कोरतात आणि ते काम बघत राहावं असं असतं. पण वेळ नव्हता. शिवाय कापडाचा ठसा खाली गादी असलेल्या मेजावर, मऊ कापडावर चालतो. गुळगुळीत कार्डावर तोच ठसा मध्ये मध्ये उठतच नाही. म्हणून मऊ रबराचा ठोकळा आणि लिनोची कोरणी.

अक्षरं कुठे टेकतात

दुसऱ्या नमुन्यात मी एकच पतंग ठेवला. कार्ड उभं, पतंग मोठा, मध्यभागी, खाली मजकूर. स्वच्छ, आणि मेलेलं. मध्यावरचा पतंग उडत नाही, तो भिंतीवर चिकटवलेला वाटतो. मग त्याला तिरका करून उजवीकडे वर सरकवला. आता पतंग उडायला लागला, पण मजकूर खाली वेगळाच पडलेला, जणू दुसऱ्या कार्डावरचा.

इथे माझा भाचा कामी आला. तो फाइन आर्ट्सला प्रिंटमेकिंग शिकतो. ही फॅकल्टी महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० साली सुरू झाली आणि आमच्या गल्लीत तिथे गेलेली मुलं अधूनमधून सापडतात. त्यानं कार्ड डोळे बारीक करून पाहिलं. डोळे बारीक केले की बारकावे विरघळतात आणि फक्त गडद-फिकट वजन उरतं. तो म्हणाला, "मावशी, तुझ्या कार्डावर सगळ्यात ठळक पतंग नाहीये. ही आडवी रेघ आहे."

ती आडवी रेघ म्हणजे शिरोरेषा.

कार्डकलेची बहुतेक शिकवण रोमन अक्षरांवर बेतलेली आहे. तिथे अक्षरं खालच्या अदृश्य रेषेवर उभी राहतात, म्हणून चित्र वर, मजकूर खाली, मध्ये मोकळी जागा, हे सहज जुळतं. आपली अक्षरं उभी राहत नाहीत, लटकतात, आणि ज्या दांडीला लटकतात ती दांडी चक्क दिसते. काळ्यावर पांढरी सहा सेंटिमीटरची सरळ रेघ ही त्या कार्डावरची सर्वांत जड गोष्ट होती, आणि मी ती हिशेबातच धरली नव्हती. ठसा मिलिमीटरभर तिरका बसला तरी ती लगेच चुगली करते. मराठी कार्डाची मांडणी चित्रापासून नव्हे, या रेषेपासून सुरू करावी, हे मला पंधरा वर्षं ठसे मारल्यावर कळलं.

पुढचा शोध मात्र अपघातानं लागला. पहिल्या कोरीव ठशात शिरोरेषा अक्षरांसकट एकाच तुकड्यात होती, आणि ती दर वेळी मध्येच तुटून उठत होती. लांब, अरुंद भागावर दाब सारखा पडत नाही. वैतागून मी ठशातून रेषाच कापून टाकली. ठरवलं, अक्षरं ठशानं आणि रेषा हातानं. एम्बॉसिंगचं पेन मिळतं, त्यात तीच चिकट शाई असते. पट्टीनं रेषा ओढताना हात घसरला आणि रेघ शेवटच्या 'ळ'च्या पुढे उजवीकडे वर गेली. पतंगाच्या दिशेनं.

भाचा म्हणाला, "पुसू नकोस."

दोर

कल्पना एका क्षणात सुचली, पण जमवायला आठ दिवस गेले. रेषा डावीकडून सुरू होते, 'तिळगूळ'ची शिरोरेषा म्हणून सरळ धावते, शेवटच्या अक्षरापलीकडे हळूहळू उचलते आणि पतंगाला जाऊन मिळते. वाचणाऱ्याचा डोळा शब्द वाचत वाचत आपोआप वर जातो. काकूंच्या 'बघायचं कुठे'ला हे उत्तर होतं.

आधी मी उलटं करून पाहिलं होतं: पतंग डावीकडे वर आणि दोर तिथून खाली शब्दाकडे. सुनेच्या लहान भावानं ते कच्चं रेखाटन पाहिलं आणि ओरडला, "आ तो कपाई गयो!" बरोबर होतं त्याचं. वाचण्याची दिशा डावीकडून उजवीकडे, त्यामुळे डोळा पतंगाकडून खाली घसरत होता आणि दोर सैल पडलेला दिसत होता. उत्तरायणाला गच्चीवर वाढलेल्या पोराला कापलेला पतंग शंभर फुटांवरून कळतो. शुभेच्छांच्या कार्डावर कटी पतंग पाठवायची पाळी थोडक्यात टळली. त्याच पोरानं मला दोराचा बाकही शिकवला. दोर काठीसारखा ताठ काढला तर खोटा वाटतो. त्याला थोडं पोट हवं, पण पतंगाजवळ तो ताणलेलाच हवा. हा बाक मी जुन्या एक्स-रे फिल्ममधून कापून साचा केला.

मग शब्दांच्या मधल्या जागेचा प्रश्न आला. 'तिळगूळ घ्या' दोन्ही शब्द दोराला लटकवले, तर रेषा मध्ये तुटत नाही आणि 'तिळगूळघ्या' असं काहीतरी वाचलं जातं. नेहमीच्या छपाईत शब्द संपला की शिरोरेषाही संपते, आणि वाचणारा त्या तुटण्यावरच शब्द ओळखतो. अंतर वाढवून पाहिलं, नाही जमलं. शेवटी दोरावर एकटा 'तिळगूळ' आणि त्याखाली लहान ठशात, स्वतःच्या नेहमीच्या रेषांसकट, 'घ्या, गोड बोला'. 'ति'ची वेलांटी रेषेच्या वर डोकावते, ती मी मुद्दाम कापली नाही. दोराची सुरुवात तिथेच होते, ती वेलांटी मला मांजा धरलेल्या हातासारखी वाटत राहिली.

गुजराती ओळीत मी एक चूक केली, ती सांगायलाच हवी. दोन्ही लिप्या जुळाव्यात म्हणून मी 'उत्तरायणनी शुभेच्छा'च्या डोक्यावरही एक बारीक रेघ दिली. सून आली, पाहिलं, आणि फार नम्रपणे म्हणाली, "मावशी, आमच्या अक्षरांना छप्पर नसतं." रेघ दिलेली गुजराती ही गुजराती राहतच नाही, बिघडलेल्या देवनागरीसारखी दिसते. मग ती ओळ रेघेशिवाय, उजव्या खालच्या कोपऱ्यात, मोकळी उभी केली. गंमत म्हणजे रेषेखाली लटकलेला मराठी शब्द आणि जमिनीवर उभी असलेली गुजराती ओळ यांच्यात तोल छान जमला. दोन्हींना रेघ असती तर कार्डाला तीन मजले झाले असते.

माप आणि मोकळी जागा

अखेरचं माप असं: शिरोरेषा वरून १०४ मिलिमीटरवर, डाव्या कडेपासून १२ मिलिमीटर सोडून. पतंगाचा मध्य डावीकडून ७०, वरून ४५. रुंदीचे आणि उंचीचे तीन-तीन भाग केले तर पतंग उजव्या-वरच्या छेदाजवळ येतो आणि रेषा खालच्या तृतीयांशाच्या थोडी खाली. मधला मोठा काळा पट्टा रिकामा.

या रिकाम्या जागेवरून काकूंशी खरं भांडण झालं. "एवढं मोकळं? लोक म्हणतील पैसे वाचवले." त्यांना तिथे हलवा हवा होता. मी हलव्याचे ठिपके दोरालगत टाकून दाखवले. सुनेच्या भावाला ते तुक्कल वाटले, म्हणजे रात्री पतंगाच्या दोराला बांधतात ते कंदील. आकाशभर विखुरले तर चांदण्या. हलवा कुणालाच दिसेना. मग पाच दाणे एकत्र, 'गोड बोला'च्या शेजारी, मुठीतून सांडल्यासारखे. आणि ठशाच्या गोल कडेला बारीक खाचा, कारण काटा नसलेला हलवा काकू हलवा मानत नाहीत. काळी जागा रिकामीच राहिली. ती आकाश होती, हे मी त्यांना समजावायला गेले नाही. पतंग लावलेलं कार्ड हातात दिलं आणि गप्प बसले. त्या म्हणाल्या, "बरं."

पतंग मात्र ठशाचा नाही, म्हणजे पूर्णपणे नाही. काळ्यावर लाल शाई मरते. म्हणून गेंडीगेटच्या पतंग बाजारातून खऱ्या पतंगाच्या लाल कागदाचे ताव आणले. वजन जवळजवळ शून्य. पण तो कागद इतका पातळ की काळ्यावर चिकटवल्याबरोबर वाळलेल्या बिटासारखा काळपट झाला. उपाय: आधी त्या जागी पांढऱ्या पिगमेंट शाईचा भरीव चौकोन ठसवायचा, रात्रभर सुकू द्यायचा, आणि त्यावर लाल कागद. लाल एकदम पेटला. उभी काडी आणि कमान यांचा ठसा लाल कागदावर काळ्या डाय इंकनं, कापायच्या आधी. तिथे एम्बॉसिंग केलं असतं तर हीट गननं कागद आक्रसला असता. चिकटवायला ग्लू स्टिक. पातळ डिंकानं सुरकुत्या पडतात.

नव्वद कार्डांवर ठसे एकाच जागी पडावेत म्हणून भाच्यानं पुठ्ठ्याचा काटकोनी कोपरा टेबलाला चिकटवून दिला. कार्ड त्यात सरकवायचं, ठसा पारदर्शक अॅक्रिलिकवर लावून खुणेला खूण जुळवायची. खाली जुना माउसपॅड, म्हणजे दाब सारखा पडतो.

आखूड गूळ

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात काम भरात होतं. ठशावर अक्षरं उलटी कोरावी लागतात. ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीनं लिहून, तो उलटा घासून मी ती रबरावर उतरवली होती. त्यात 'गू'चा उकार फिसकटला होता, म्हणून तो मी मनानं कोरला. मनानं, म्हणजे डोळ्यांना रोज दिसतो तसा, सुलट. आता पहिला आणि दुसरा उकार जवळपास एकमेकांचे आरशातले भाऊ. सुलट कोरलेला दुसरा उकार कागदावर पहिला होऊन उठला.

माझ्या लक्षात आलं नाही, भाच्याच्या आलं नाही, काकूंच्याही नाही. अकरा कार्डं झाली. बारावं सुकत असताना काकूंच्या सासूबाई आल्या, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी कार्ड लांब धरलं. "गूळ आखूड झालाय तुमचा."

'तीळ' एकटा असताना दीर्घ, 'तिळगूळ'मध्ये आला की ऱ्हस्व. 'गूळ' मात्र दीर्घच, 'गुळाची' झाल्यावर ऱ्हस्व. हे सगळं मला तोंडपाठ होतं, नव्हतं ते फक्त हाताला. रबर खरवडता येतं, भरता येत नाही, त्यामुळे पूर्ण शब्द पुन्हा कोरला. या वेळी कोरून झाल्यावर आरशात धरून वाचला. ती सवय आता कायमची लागली आहे.

काय झालं

५ जानेवारीला ८६ कार्डं दिली, चार हिशेबात कमी. कागद जास्तीचा आणलेला म्हणून आखूड गुळाची भरपाई झाली, पण चार कार्डं हीट गननं वाकली. शेवटच्या रात्री मी एकाच जागी जास्त वेळ धरली. खर्च कार्डामागे ३६ रुपयांवर बसला, माझे हात सोडून. दोर हातानं ओढलेला असल्यामुळे कुठल्याही दोन कार्डांवरचा बाक तंतोतंत सारखा नाही. काही ठिकाणी तो पतंगाला अगदी काडीवर मिळतो, काही ठिकाणी दोन मिलिमीटर बाजूला. काकूंनी माहेरच्या गठ्ठ्यासाठी सरळ मिळालेली वेचून काढली, हे मी पाहिलं आणि काही बोलले नाही.

तक्रार एक आली, ग्वाल्हेरहून. तिथलं कार्ड वाटेत दमटलं असावं. पतंगाच्या कागदाचा रंग पक्का नसतो, ओल लागली की सुटतो, हे बडोद्यात राहून मला माहीत असायला हवं होतं. गच्चीवर दव पडलेल्या पतंगानं बोटं लाल झालेली आपण सगळ्यांनीच पाहिलीत. काकूंच्या फोनवर फोटो आला: लाल पतंगाखालून गुलाबी ओघळ, दोरावरून थेट 'तिळगूळ'पर्यंत उतरलेला. खाली लिहिलं होतं, 'पतंगाचा रंगही दोरानं खाली पाठवलात का?'

टपालाच्या कार्डांना आता मी पातळ बटर पेपरची पट्टी पतंगावर घालते. वजनाचा काटा १८ च्या आतच राहतो.